पुण्याच्या थंडीत घर उबदार ठेवायचंय? आधी या चुका टाळा

दरवर्षी सवाई गंधर्व संपता संपता आमच्या सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यांशेजारी हीटरची रिकामी खोकी दिसायला लागतात. पुढे वीजबिलं आली, की त्याच खोक्यांचे मालक मला जिन्यात गाठून विचारतात, "काकू, तुमच्याकडे हीटर नाही, मग तुम्ही करता काय?" करणार काय? सकाळी पडदे सरकवते आणि दुपारी साडेचारला खिडक्या लावते. एवढं ऐकलं की समोरच्याचा चेहरा पडतो. त्याला माझ्याकडून एखाद्या यंत्राचं नाव हवं असतं.

मी शनिवार पेठेतल्या वाड्यात वीस हिवाळे काढले आणि आता पाषाणला तळमजल्यावर सतरावा चालू आहे. पाषाण, शिवाजीनगर ही पुण्यातली गारठ्याची ठिकाणं. मगरपट्ट्यात राहणाऱ्या माझ्या भावाकडे पहाटेचा पारा आमच्यापेक्षा तीन-चार अंश तरी वर असतो, आणि कानटोपी मात्र आमच्या आधी तो काढतो. असो.

खिडक्यांचं उलटं वेळापत्रक

पुण्याची थंडी पहाटेची असते. हे ध्यानात घेतलं नाही की सगळा घोळ होतो. १७ जानेवारी १९३५ ला इथे १.७ अंशांची नोंद झाली होती, पण तसली थंडी विरळा. एरवी डिसेंबर-जानेवारीत पहाटे १० अंश आणि त्याच दिवशी दुपारी २८-२९, असा खेळ चालतो. आकाश निरभ्र, हवा कोरडी, त्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री भराभर निवते. म्हणजे दुपारी दोन वाजता बंद घरातल्यापेक्षा बाहेरची हवा गरम असते. आणि लोक नेमके तेव्हाच "थंडी आहे" म्हणून घर बंद करून बसतात. संध्याकाळी सहाला, गारवा उतरायला लागला की, "जरा हवा खेळू दे" म्हणत दारं-खिडक्या सताड उघडतात.

माझा भाचा रत्नागिरीहून नोकरीसाठी आला, बावधनला पहिल्या मजल्यावर भाड्याने राहिला. कोकणातलं पोर, पहिल्याच थंडीत गारठलं. विचारायचं ना कुणाला? नाही. दोन हजार वॅटचा हीटर मागवून मोकळा. दोन हजार वॅट म्हणजे तासाला दोन युनिट. रात्रीचे पाच तास धरले तर दहा, महिन्याचे तीनशे. महावितरणच्या घरगुती बिलात शंभर युनिटच्या पुढे दर जवळजवळ दुप्पट होतो. फेब्रुवारीत त्याचा फोन, "मावशी, बिल चुकीचं आलंय."

बिल बरोबर होतं. रविवारी मी डबा आणि तापकीर गल्लीतून घेतलेला एक स्वस्तातला थर्मामीटर घेऊन त्याच्याकडे गेले. दुपारचा एक वाजला होता. हॉलमध्ये २० अंश. थर्मामीटर गॅलरीत दांडीवर टांगला, दहा मिनिटांनी बघते तर २८. हॉलची खिडकी दक्षिणेला, म्हणजे हिवाळ्यात सोनं, आणि तिच्यावर जाड पडदा ओढलेला. का, तर टीव्हीवर उजेड येतो! डिसेंबरात पुण्यातला दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट खोलीत शिरतं. उन्हाळ्यात तीच खिडकी सावलीत असते. फुकट मिळणारं हे ऊन पडद्याबाहेर ठेवून साहेब रात्री दोन युनिटने तास विकत घेत होते.

पडदा काढला, आतली दारं उघडली, दोन्ही बाजूंच्या खिडक्या सताड उघडल्या. साडेचारला सगळं लावून घेतलं, पडदे ओढले. रात्री दहाला त्याने फोटो पाठवला: २३. हीटर लावला नव्हता. मी त्याला म्हटलं, हवा तापवलीस तर दार उघडताच निघून जाते, भिंती आणि फरशी तापू दे, त्या रात्री परत करतात. वाड्याच्या जाड मातीच्या भिंती हेच करायच्या. विटा-सिमेंटच्या भिंतीही करतात, त्यांना दुपारभर संधी दिली तर. पण हा उपाय पहिल्या दिवशी पूर्ण लागू पडत नाही, तीन-चार दिवस लागतात, आणि इथेच आजकालच्या मंडळींचा धीर सुटतो. बटण दाबलं की लाल व्हायला हवं.

त्याच भेटीत आणखी एक गोष्ट दिसली. हीटर त्याने लॅपटॉपच्या साध्या एक्स्टेन्शनवर लावला होता. पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक चहाच्या डागासारखं तपकिरी झालं होतं, आणि जवळ गेल्यावर जळका वास. दोन हजार वॅटचा हीटर नऊएक अँपिअर ओढतो. त्याला भिंतीतला मोठा, सोळा अँपिअरचा तीन पिनांचा सॉकेटच लागतो. छोट्या सॉकेटसाठी "कन्व्हर्टर" पिन मिळते, ती विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही माझा नमस्कार.

फटी

सरकत्या अ‍ॅल्युमिनिअमच्या खिडक्या बंद दिसतात, बंद नसतात. पहाटे ओला हात काचेच्या कडेने फिरवा, कुठून वारा येतो ते लगेच कळतं. बऱ्याच घरांत जाळीचा आणि काचेचा पल्ला चुकीच्या रुळात असतो, आणि दोघांच्या मधून बोटभर फट राहते. पल्ले पूर्ण टोकाला सरकवले तरी निम्मं काम होतं. कडेची ब्रशपट्टी झिजली असेल तर हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. दाराखालच्या फटीला मी जुन्या नऊवारीची वळकटी लावते. सासूबाईंची आहे, जांभळी. दारावर येणारा प्रत्येक जण तिला अडखळतो, पण वारा येत नाही. मात्र घरात कुठलीही ज्योत जळत असेल तर फटी बुजवायच्या नाहीत.

बंद खोलीत शेगडी

या एका चुकीबद्दल मी कुणाशी गोडीत बोलत नाही.

माझ्या नणंदेची मुलगी माहेरी बाळंतीण होती. जानेवारी, धायरीचा नवा फ्लॅट, बाळ अठरा दिवसांचं. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी आणि त्यावर ओवा, शेपा, वावडिंग यांची धुरी ही जुनी रीत. वन्संनी ती मनापासून पाळली. बाळाला वारा नको म्हणून खिडक्या घट्ट लावल्या, फटींत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, आणि धुरी झाल्यावर "ऊब राहू दे" म्हणून शेगडी तशीच पलंगाजवळ ठेवून सगळ्या झोपल्या. मी सकाळी सातला डिंकाचे लाडू घेऊन गेले. बेल वाजवली, कुणी येईना. चौथ्यांदा वाजवली तेव्हा वन्संनी भिंतीला धरून दार उघडलं. "डोकं फार ठणकतंय गं, मळमळतंय," म्हणाल्या. खोलीत धूर नव्हता, वासही ओव्याचाच. लेकीला हलवलं तर नीट डोळे उघडेना, बाळ रडत नव्हतं. मी आधी बाळाला उचलून बाहेर जिन्यात नेलं, मग खिडक्या उघडल्या, मग शेजाऱ्यांची दारं बडवली. दवाखान्यात तिघांनाही ऑक्सिजन लावला. तिघं वाचली. बाळ आता दहावीला आहे आणि कुणाचं ऐकत नाही.

धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. निखाऱ्यांचा धूर संपला म्हणजे धोका संपला, ही समजूत साफ चुकीची आहे. आजीच्या काळी हे निभावून जायचं, कारण घर कौलारू होतं, दारं वाकडी होती, वारा शंभर ठिकाणांहून ये-जा करायचा. रीत तीच राहिली, घर मात्र डबाबंद झालं. धुरी द्यायची तर खिडकी उघडी ठेवून, माणूस जागं असताना, आणि झाल्याबरोबर शेगडी बाहेर. खरं तर मी म्हणेन, देऊच नका.

गॅस गिझरचंही तेच. पुण्यात कितीतरी घरांत तो बाथरूममध्येच बसवलेला असतो, आणि थंडीत लोक बाथरूमची खिडकी लावून, वर टॉवेल कोंबून आंघोळ करतात. गिझर बाहेर हवेशीर जागी हवा. तो हलवेपर्यंत निदान खिडकी उघडी ठेवून बादली भरा, गिझर बंद करा आणि मग आत जा. ज्योत निळी हवी, पिवळी दिसली की मिस्त्रीला बोलवा. डोकं जड होणं, मळमळ, गुंगी, आणि तीही घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी, असं झालं की पित्त समजून लिंबू-सरबत पीत बसू नका. बाहेर पडा आणि १०८ ला फोन करा.

अंगावर तीन, अंगाखाली काही नाही

लोक दोन ब्लँकेटांवर तिसरं घेतात आणि तरी कुडकुडतात. थंडी खालून येत असते. अंगाच्या वजनाने जुनी गादी दबते, कापसातली हवा जाते, आणि मग शहाबादी किंवा व्हिट्रिफाइड फरशी तुमची ऊब रात्रभर शोषत राहते. वरचं एक काढून खाली घाला, लगेच फरक कळेल. माझ्याकडे गादीखाली सतरंजी, गादीवर घोंगडी, तिच्यावर जुन्या साड्यांची गोधडी आणि अंगावर एक रजई, बस. घोंगडी टोचते अशी तक्रार असते, म्हणून तर वर गोधडी. दिवाळीनंतर पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घ्यायचा आणि आठवड्यातून एकदा गाद्या गच्चीवर उन्हात टाकायच्या. फुगलेल्या कापसात हवा राहते, आणि ऊब धरून ठेवते ती हवाच. गाद्या चारच्या आत खाली आणा, नाहीतर गच्चीवरच गार होतात. आमच्या वरच्या मजल्यावरची मुलं रात्री आठला आणतात आणि म्हणतात, काही उपयोग नाही.

पंख्याबद्दल बोलायला लाज वाटते, पण डास चावतात म्हणून जानेवारीत पंखा लावून दोन रजयांत झोपणारी माणसं मी याच शहरात पाहिली आहेत. मच्छरदाणी लावा. तिच्या आत हवा स्थिर राहते, त्यामुळे थोडी उबेलाही मदत होते.

बाकीचं पटापट. ओले कपडे घरात वाळत घालू नका, दुपारचं ऊन कशाला आहे? फरशीवर अनवाणी फिरून "पाय गार पडतात" म्हणू नका. थंडीवर दारूचा घोट हा निव्वळ बहाणा: त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम वाटतं, आणि अंगातली ऊब उलट बाहेर जाते. सोलरचं गरम पाणी येईपर्यंत नळ सोडून दात घासत उभे राहू नका, ते गार पाणी बादलीत धरा, फरशी पुसायला होतं. बाजरीची भाकरी, तीळ, गूळ जरूर खा, पण त्याच्या भरवशावर खिडकी उघडी टाकून झोपू नका.

हीटर हवाच असेल, घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल, तर लहान खोली निवडा, दार लावा, पहाटे उठल्यावर वीस मिनिटं लावा आणि बंद करा. पडदा, चादर, कपडे हीटरपासून निदान तीन फूट लांब. रात्रभर चालू ठेवून झोपायचं नाही.

गरम पाण्याची रबरी पिशवी मात्र मी कुणालाही सुचवते. उकळतं पाणी ओतायचं नाही, दोन तृतीयांश भरायची, तोंड वर धरून हवा दाबून काढायची आणि मगच बूच लावायचं. जुन्या स्वेटरच्या बाहीत घालून झोपायच्या अर्धा तास आधी पायाशी ठेवायची. दोन-तीन हिवाळ्यांनी रबर चिरतं, तेव्हा पिशवी फेका, चिकटपट्टी लावू नका. भाच्याने लावली होती. गादी दोन दिवस गच्चीवर होती.