मूळनिवासी समाजांच्या वस्तू सांभाळण्याचे काम: संग्रहालयात या वाटेने कसे जावे

अमेरिकेतील संग्रहालयांत मूळनिवासी समाजांच्या वस्तू सांभाळण्याचे काम करायचे असेल, तर संग्रहालयशास्त्र, मानववंशशास्त्र किंवा वस्तुसंवर्धन यांपैकी एखाद्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे आणि शिकत असतानाच भांडारात उमेदवारी करावी. एखाद्या जमातीने स्वतः चालवलेल्या संग्रहालयात जागा मिळाली, तर तीच आधी स्वीकारावी; वस्तूंबाबतचा निर्णय कोणाचा असतो, हे तिथे पहिल्या दिवसापासून अंगवळणी पडते.

'नॅगप्रा' या नावाने ओळखला जाणारा 1990 चा कायदा बारकाईने वाचावा. संघराज्य सरकारचा निधी घेणाऱ्या संस्थांना त्यानुसार मानवी अवशेष, दफनातील वस्तू, पवित्र वस्तू आणि सामूहिक वारशाच्या वस्तू वंशजांना व जमातींना परत कराव्या लागतात. 12 जानेवारी 2024 पासून लागू झालेल्या नियमांमुळे तर प्रदर्शन किंवा संशोधन करण्याआधीही त्यांची संमती आवश्यक ठरली आहे.

संवर्धकाला सर्वांत जड जाते ते आपले कौशल्य आवरणे. न्यू मेक्सिकोतील झुनी समाजाच्या 'आहायुदा' या कोरीव लाकडी मूर्ती उघड्यावरच्या देवस्थानी ठेवून ऊन-पावसात झिजू द्यायच्या असतात आणि म्हणूनच झुनी धर्मप्रमुखांनी 1978 पासून त्या संग्रहालयांकडून परत मागितल्या. जे झिजणे थांबवायला आपण शिकतो, तेच त्या मूर्तीचे विहित कार्य असते. तेव्हा कीड लागलेली वस्तू उणे 20 अंशांत गोठवण्यापूर्वी किंवा प्लास्टिकमध्ये बंद करण्यापूर्वी त्या समाजाला विचारावे.

जुन्या काळी किडीपासून बचावासाठी वस्तूंवर आर्सेनिक आणि पाऱ्याची संयुगे सर्रास वापरली जात. परत गेलेला मुखवटा पुन्हा चेहऱ्यावर चढणार असतो, हे ध्यानात ठेवून आर्सेनिक, पारा यांसारखी मूलद्रव्ये ओळखणाऱ्या क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्राने त्याची तपासणी करावी. या यंत्राला सेंद्रिय, म्हणजे कार्बनी संयुगांची, कीटकनाशके दिसत नाहीत, हेही समाजाला स्पष्ट सांगावे.

पहिल्या भेटीला तयार आराखडा नेऊ नये. ज्येष्ठांचा प्रवासखर्च आणि मानधन यांची तरतूद मात्र आधीच करावी, कारण त्यांचे ज्ञान फुकट मागणे मला अन्यायाचे वाटते. कोणती माहिती कोणाला दिसावी हे त्यांनीच ठरवावे. ऑस्ट्रेलियातील वारुमुंगू समाजासोबतच्या कामातून उभी राहिलेली 'मुकुर्तु' ही मोफत संगणकप्रणाली त्यासाठी उपयोगी पडते. संमती कोणी, कधी आणि कशापुरती दिली, हे नोंदपत्रावर लिहावे, म्हणजे कर्मचारी बदलले तरी समाजाला तेच पुन्हा सांगत बसावे लागत नाही.