पैसे किती आहेत? वित्त व लेखा सेवेत नव्याने येणाऱ्यांसाठी

एमपीएससीतून महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेत निवड झालेली मुलंमुली यशदाच्या (राज्याची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था) ट्रेनिंगला पुण्यात बाणेर रोडला येतात तेव्हा त्यातले काही जण ऑफिसला भेटून जातात, आणि बहुतेकांच्या मनात एकच गोष्ट असते, की मॅडम आम्हाला डेप्युटी कलेक्टर हवं होतं, हे मिळालं, यात पुढे काय आहे. पुढे बरंच काही आहे. ट्रेझरी म्हणजे कोषागार आहे, जिल्हा परिषदेत मुख्य लेखा व वित्त अधिकारी आहे, महापालिका आहे, विद्यापीठ आहे, आणि पुण्यात तर राज्याची इतकी आयुक्तालयं आहेत (शिक्षण, कृषी, सहकार, साखर, समाजकल्याण, भूमी अभिलेख, नोंदणी व मुद्रांक) की सेवेत कधी ना कधी इथल्या एखाद्या मोठ्या ऑफिसची वित्त शाखा तुमच्या वाट्याला येण्याची शक्यता चांगलीच आहे. मी ते काम करते आणि त्याबद्दलच लिहितेय, कारण परीक्षेच्या अभ्यासात राज्यघटनेच्या कलम 202 पासून सगळं पाठ होतं पण खुर्चीत बसल्यावर पहिल्या आठवड्यात जे विचारलं जातं त्याची तयारी कुणी करून घेत नाही.

विचारलं जातं ते एवढंच: पैसे किती आहेत?

साधा प्रश्न वाटतो ना, पण याला किमान पाच उत्तरं असतात आणि पाचही खरी असतात. समजा एका योजनेला बजेटमध्ये 100 कोटींची तरतूद आहे. ही झाली विधिमंडळाने मंजूर केलेली रक्कम. आता वित्त विभागाने त्यातली 60 टक्केच वितरित करायला मुभा दिलीय, म्हणजे मंत्रालयातल्या आपल्या विभागाने बीडीएसवर, म्हणजे निधी वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर, टाकलेत 60 कोटी. त्यातले तुम्ही राज्यभरातल्या जिल्हा कार्यालयांना वाटलेत 52. जिल्ह्यातल्या डीडीओंनी, म्हणजे आहरण व संवितरण अधिकाऱ्यांनी, बिलं काढून ट्रेझरीतून पास करून घेतलेत 31. आणि मुंबईत राज्याचा अंतिम हिशोब ठेवणाऱ्या महालेखाकारांकडे त्या शीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या त्या खात्याखाली, दिसतायत 29, कारण कुठल्यातरी जिल्ह्याचे 2 कोटी चुकीच्या शीर्षाला टाकले गेलेत. आता मिटिंगमध्ये आयुक्त विचारतात पैसे किती आहेत, योजना शाखेचे सहसंचालक म्हणतात 100 कोटी, तुमचा लेखाधिकारी म्हणतो 8 कोटी शिल्लक, जिल्ह्याचा माणूस व्हिडिओ कॉन्फरन्सवर म्हणतो आमच्याकडे ग्रँटच नाही, आणि तिघंही खरं बोलत असतात. वित्त प्रमुखाचं काम म्हणजे कोण कुठल्या आकड्याबद्दल बोलतोय हे त्या क्षणी ओळखणं आणि सगळ्यांना एका आकड्यावर आणणं. माझ्या मते या पदाचा अर्ध्याहून जास्त भाग हाच आहे, बाकी नियम पुस्तकात बघता येतात.

म्हणून जॉईन झाल्या झाल्या एक तक्ता बनवून घ्या. प्रत्येक योजनेसमोर तिचा आठ आकडी संकेतांक, उद्दिष्ट शीर्ष (खर्चाचा प्रकार सांगणारा दोन आकडी क्रमांक), आणि मग तरतूद, बीडीएसवर आलेली रक्कम, पुढे वाटलेली, कोषागारातून खर्च पडलेली, महालेखाकारांकडे नोंदलेली. पैशांचे एवढेच पाच रकाने. दर सोमवारी अपडेट. पहिल्या महिन्यात स्टाफ कुरकुर करेल, कारण त्यांच्याकडे ही माहिती चार वेगवेगळ्या टेबलांवर असते आणि एकत्र कधी कुणी मागितलेली नसते, पण दोन-तीन महिन्यांनी तेच लोक तुम्हाला येऊन सांगायला लागतात की मॅडम या जिल्ह्याचा तिसरा आणि चौथा रकाना हलतच नाहीये, फोन करू का. त्यात फार समाधान असतं.

उद्दिष्ट शीर्षं मात्र तोंडपाठ करून टाका. 01 वेतन, 11 प्रवास, 13 कार्यालयीन खर्च, 31 वेतनेतर अनुदान, 36 वेतन अनुदान, 34 शिष्यवृत्त्या, 53 मोठी बांधकामं. 13 मध्ये पैसे शिल्लक आहेत म्हणून त्यातून गाडी घेता येत नाही, गाडीला 51 आहे. हे ज्याला माहीत नाही त्याची फाईल तुमच्याकडे येते, ज्याला माहीत आहे त्याची पण येते, फरक एवढाच की दुसऱ्याच्या फाईलवर टिपणी फार गोड लिहिलेली असते.

आता कॅलेंडर. लोक मार्च मार्च करतात, पण मार्च एण्डला जे होतं ते ऑगस्टमध्येच ठरलेलं असतं असं माझं ठाम मत आहे. चारमाही, आठमाही आणि नऊमाही अंदाज (वर्षाच्या त्या त्या टप्प्यावर पाठवायचे खर्चाचे अंदाज) ही नावं ऐकली असतील, बहुतेक ऑफिसात हे कागद गेल्या वर्षीच्या आकड्यांवर थोडी टक्केवारी चढवून पाठवले जातात. असं करू नका. आठमाही अंदाज हा तुमचा वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे, कारण चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचं बजेट दोन्हीचा पाया तिथे पडतो. रिक्त पदं धरून वेतनाची मागणी केली तर 01 मध्ये वर्षअखेर मोठी बचत दिसते, आणि त्याच वेळी एखादी योजना पैशावाचून थांबलेली असते. त्यामुळे वेतनासाठी सेवार्थमधून, म्हणजे पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतून, प्रत्यक्ष पगार निघणाऱ्या लोकांचा आकडा घ्या (शाळांचं असेल तर शालार्थमधून), त्यात वर्षभरात निवृत्त होणारे वजा करा, भरती खरंच होणार असेल तरच ती धरा, महागाई भत्त्याची वाढ धरा. कंटाळवाणं काम आहे पण दोन दिवस दार लावून बसून करायचंच.

पुरवणी मागण्यांचंही, म्हणजे बजेटनंतर लागणाऱ्या जादा पैशांसाठी विधिमंडळापुढे जाणाऱ्या मागण्यांचंही, तसंच. साधारण पावसाळी, हिवाळी आणि अर्थसंकल्पीय अशा तिन्ही अधिवेशनांत त्या येतात. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन असतं तेव्हा प्रस्ताव घेऊन धावण्यात अर्थ नसतो, तोवर याद्या छापून झालेल्या असतात. प्रस्ताव आधीच मंत्रालयात पोचलेला पाहिजे, आणि पोचलाय एवढ्यावर थांबू नका, वित्त विभागाच्या डेस्कवर तो कुणाकडे आहे आणि त्यांना काय खटकतंय हे विचारा. पुण्यातल्या आयुक्तालयांची ही एक वेगळीच अडचण आहे, पैसे देणारे मुंबईत, खर्च करणारे जिल्ह्यात आणि आपण मध्ये. ई-ऑफिस आलं तरी सकाळची डेक्कन क्वीन पकडून समोर बसून दहा मिनिटं बोलणं याला पर्याय नाही असं मला अजूनही वाटतं, कारण डेस्क ऑफिसरची शंका बऱ्याचदा अगदी छोटी असते, ती कागदावर आली की मात्र तीन आठवडे खाते.

आणि तरतूद मंजूर झाली म्हणजे पैसे आले असं कधीच धरू नका. मे 2020 मध्ये कोविडमुळे वित्त विभागाने आदेश काढला आणि विकास योजनांना त्या वर्षी 33 टक्केच निधी मिळेल असं सांगितलं, तेव्हा ज्या ऑफिसांकडे योजनांचा प्राधान्यक्रम आधी लिहिलेला होता त्यांचं निभावलं. दरवर्षी एवढी टोकाची वेळ येत नाही पण एप्रिलमध्ये निधी वितरणाचं परिपत्रक येतं ते ओळ न ओळ वाचा आणि एक यादी कायम तयार ठेवा, की निम्मेच पैसे मिळाले तर आधी काय. माझ्या यादीत वर कायम शिष्यवृत्ती, पगार, पेन्शनशी संबंधित देणी आणि कोर्टाच्या आदेशाने द्यायच्या रकमा असतात. लॅपटॉप आणि फर्निचर खाली. यावरून वाद होतात, होऊ द्या.

मार्चबद्दल थोडंच सांगते. शेवटच्या दिवसांत बीडीएसवर अचानक ग्रँट पडते आणि ती त्याच रात्री खर्ची टाकायचा दबाव येतो. तुम्हाला कुणीतरी सुचवेल की काढून ठेवू, बँकेत राहू दे, नंतर बघू. हे चालत नाही. लगेच द्यायची गरज नसताना फक्त ग्रँट लॅप्स होऊ नये म्हणून कोषागारातून पैसे काढायचे नाहीत हा जुना आणि स्पष्ट नियम आहे. जे खर्च होणार नाही ते वेळेत समर्पित करा, म्हणजे सरकारला परत सोडा. समर्पण म्हणजे नामुष्की असं वातावरण ऑफिसात असतं पण जानेवारी-फेब्रुवारीत सोडलेले पैसे दुसऱ्या कुठल्यातरी योजनेला वापरता येतात, 31 मार्चच्या रात्री सोडलेले कुणाच्याच कामाचे नसतात.

नाही कसं म्हणायचं हे शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. फाईलवर नुसतं "नियमात बसत नाही" लिहून परत पाठवणं सोपं आहे, पण त्याने काम अडतं आणि तुमची शाखा अडवणारी म्हणून बदनाम होते. मी शाखेला सांगून ठेवलंय की आक्षेप लिहायचा तर सगळे आक्षेप एकाच वेळी लिहायचे, आज एक उद्या दुसरा असं नाही, आणि प्रत्येक आक्षेपाखाली मग कसं करता येईल ते पण लिहायचं. उदाहरणार्थ खरेदीची फाईल असेल तर 1 डिसेंबर 2016 ची खरेदी नियमपुस्तिका उघडा, जेममध्ये (सरकारी खरेदीचं पोर्टल) वस्तू आहे का बघा, नसेल तर निविदेला किती दिवस लागतील ते लिहा, त्यावरून मागणी कधी यायला हवी होती ते आपोआप दिसतं. आयुक्तांना तोंडी सांगायचं असेल तर फाईल वर जाण्याआधी सांगा, चारचौघांत मिटिंगमध्ये नाही. आणि तरीही त्यांनी वेगळा निर्णय घेतला तर तुमचं मत टिपणीत स्वच्छ शब्दांत राहू द्या. राग मानणारे साहेब मला फार कमी भेटले, उलट नंतर ऑडिट आल्यावर तीच टिपणी त्यांच्याही कामाला येते.

केंद्राच्या योजना असतील तर त्या तक्त्यात अजून एक रकाना वाढवा. 1 जुलै 2021 पासून सिंगल नोडल एजन्सीची पद्धत आली, योजनेचे पैसे ट्रेझरीतून निघून एका नोडल खात्यात जातात. ट्रेझरीच्या दृष्टीने खर्च झाला, पण प्रत्यक्षात पैसे बँकेत. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामाला वापरल्याचा दाखला, देताना हा फरक नीट बघा. आता एसएनए-स्पर्शमध्ये, म्हणजे याच पद्धतीच्या नव्या रूपात, खात्यात पैसे पडून न राहता गरज लागेल तेव्हाच सुटतात, ती व्यवस्था मला जास्त पटते, पण त्यासाठी खालच्या ऑफिसांची बिलं वेळेवर आणि व्यवस्थित तयार असावी लागतात.

त्या खालच्या ऑफिसांशी नातं जपा. तुमच्या एका सहीने ग्रँट जिल्ह्यात जाते पण तिथला लेखापाल आजारी असेल किंवा पद रिकामं असेल तर ती तशीच राहते आणि हे कुठल्याच सिस्टीममध्ये दिसत नाही. वर्षातून एकदा तरी प्रत्येक विभागातल्या डीडीओंना आणि लेखापालांना एकत्र बसवा, ट्रेझरीचा माणूस पण बोलवा. कुठली बिलं कशामुळे परत येतात हे त्याच्या तोंडून ऐकलं की निम्मे आक्षेप बंद होतात.

ऑडिटला घाबरू नका. ऑडिट पार्टी आली की तिला बसायला नीट जागा, एक जबाबदार माणूस आणि मागेल तो कागद त्याच दिवशी द्या. मिळत नसेल तर मिळत नाही म्हणून लेखी द्या. हाफ मार्जिनला, म्हणजे ऑडिट पार्टीच्या पहिल्या लेखी शंकेला, दिलेलं उत्तर पुराव्यासकट असेल तर विषय तिथेच मिटतो, नाहीतर तोच पुढे ऑडिट अहवालातला परिच्छेद होतो, राज्यपालांमार्फत विधिमंडळात जाणाऱ्या कॅगच्या अहवालात येऊ शकतो आणि मग लोकलेखा समितीसमोर तुमच्या सचिवांना त्याचं उत्तर द्यावं लागतं, तेव्हा ते तुमच्याकडेच वळून बघतात.

खर्चमेळ, म्हणजे आपला खर्च महालेखाकारांच्या आकड्यांशी जुळवणं, दर महिन्याला झालाच पाहिजे. चर्चगेटला महालेखाकार कार्यालयात माणूस पाठवून, आकडे जुळवून, चुकीच्या शीर्षाला गेलेला खर्च दुरुस्त करून घ्यायचा. वर्ष संपून लेखे बंद झाल्यावर धावपळ करून काही उपयोग होत नाही, वरच्या उदाहरणातले ते 2 कोटी मग कायमचे दुसऱ्याच्या नावावर राहतात.

चार्ज घेताना तीन याद्या मागा आणि त्यावर आधीच्या अधिकाऱ्याची सही घ्या: एसी बिलावर (आगाऊ) काढलेल्या पण डीसी बिल (नंतरचा तपशीलवार हिशोब) न दिलेल्या रकमा, प्रलंबित ऑडिट परिच्छेद, आणि ऑफिसच्या नावावर जिथे जिथे बँक खाती आहेत त्यांची यादी शिलकीसकट. तिसरी यादी द्यायला वेळ लावतील, थांबा पण घ्याच. आणि प्रत्येक बँकेकडून शिल्लक प्रमाणपत्र स्वतःच्या नावाने पत्र लिहून वेगळं मागवा.