'हो'च म्हणणाऱ्या मुलांना कसं विचारायचं

स्पेशल शाळेतल्या मुलांना 'तू जोरात पळतोस का?' असं विचारलं की बऱ्याचदा 'हो'च येतं, कधी समोरच्या ताईंना खूश करायचं असतं, कधी प्रश्नच नीट कळलेला नसतो, मग 'मुलाला स्वतःबद्दल काय वाटतं' याचा फॉर्म भरून उपयोग काय.

१. दोन चित्रं ठेवा, एक मुलगा धापा टाकतोय, दुसरा आरामात पळतोय. 'तू कोणासारखा?' बोटाने दाखवू दे.
२. मग 'थोडासा की खूप?', त्याला छोटा आणि मोठा गोल.
३. मध्ये दुसरे दोन-चार प्रश्न घ्या आणि तीच चित्रं डावी-उजवी बदलून परत विचारा. बोट जुन्याच बाजूला गेलं तर ते उत्तर धरू नका.

'मी पळण्यात कच्चा नाही' असली नकाराची वाक्यं नकोतच, आपणसुद्धा गडबडतो.

आणि हो, आईला मागे बसवा, नाहीतर मुलं तिचा चेहरा बघून बोट ठेवतात.