महाबळेश्वरला निघालात? वेण्णा तलावापाशी होणाऱ्या या चुका टाळा

महाबळेश्वरची सहल बिघडते ती बहुतेकदा वेण्णा तलावापाशी, चुकीच्या वेळी तिथे पोचल्यामुळे. पाचगणीकडून येणारा मुख्य रस्ता तलावाच्या काठानेच जातो. बोटिंगची रांग, घोडे, कणसांच्या गाड्या आणि पार्किंग शोधत रेंगाळणाऱ्या मोटारी, सगळं त्याच पट्ट्यात. शनिवारी दुपारी इथे अडकलात की गावात शिरायला उरलेले दोन-अडीच किलोमीटर सहज तासभर खातात.

त्यात भर घालणारी चूक म्हणजे "वाटेतच आहे, तर बोटिंग उरकून घेऊ" हा विचार. सामान गाडीत, मुलं भुकेली आणि पुढे लांब रांग! सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊच्या आत तलाव ओलांडा, थेट मुक्कामी जा आणि बोटिंग दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटर उघडताच करा. दुपारनंतर वारा वाढतो, पॅडल बोट आडवी ढकलली जाते आणि परतताना पाय भरून येतात. लाइफ जॅकेट नुसतं अंगावर अडकवू नका, सगळी बक्कलं लावा. लहान मुलाला मोठ्या मापाचं दिलं तर बदलून घ्या.

पाचगणीमार्गे कोंडी असल्याचं कळलं तर साताऱ्याहून मेढा, केळघर घाटाने या. अंतर वाढतं, पण तलाव टळतो. कोकणातून पोलादपूर, आंबेनळी घाटानेही तो टळतो. मात्र हे दोन्ही घाट पावसात दरडींचे आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी रस्ता सुरू असल्याची खात्री करा.

वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटात रांग लागली की अनेक जण गाडी हाफ क्लचवर धरून ठेवतात. थोड्याच वेळात जळका वास येतो आणि गाडी ओढेनाशी होते. चढावर थांबताना हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला टाका आणि पुढे दोन गाड्यांची जागा मोकळी झाल्यावरच हला. तापमानाचा काटा चढू लागला तर एसी बंद करा. उतरताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा, नाहीतर ब्रेक तापून पकड सुटते.

हिवाळ्यात हिमकण पाहायला जाणाऱ्यांची हमखास निराशा होते, कारण ते आठ वाजता पोचतात. थंड हवा जड असते. रात्री ती उतारांवरून खाली सरकते आणि तलाव व जवळच्या लिंगमळा परिसराच्या खोलगट भागात साचते. म्हणून गावात नुसतीच बोचरी थंडी असते, तेव्हा इथे स्ट्रॉबेरीच्या पानांच्या कडांवर, गवतावर आणि उभ्या गाड्यांच्या टपांवर पांढरा, साखरेसारखा थर दिसतो. बोट लावलं की चुरचुरतो. त्यासाठी आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला हवा. ढगाळ रात्र असेल तर पहाटेची झोप मोडू नका. डिसेंबरअखेर ते जानेवारीत साडेसहाला तिथे उभे राहा. ऊन आलं की थोड्याच वेळात सगळं पाणी होतं. फोटोसाठी वाफ्यांत मात्र शिरू नका, ते कुणाचं तरी उभं पीक आहे.

पावसाळ्यात बोटिंगच्या आशेने येऊ नका, ते बंद असतं. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या गावात धुक्यामुळे पॉइंटही दिसत नाहीत.

घोड्यावर बसण्याआधी फेरी कुठवर आणि पैसे माणशी की फेरीचे, हे ठरवून घ्या. वाद होतात ते इथेच. टॅक्सी करताना स्टँडवरचं दरपत्रक पाहा आणि 'महाबळेश्वर दर्शन'मध्ये प्रतापगड धरलेला आहे का, ते विचारा. त्याची फेरी सहसा वेगळी असते.

तलावाकाठी गाडी धुणं किंवा प्लेटा टाकणं तर अजिबात नको. हा तलाव नैसर्गिक नाही. साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये तो पाण्यासाठी बांधून घेतला आणि गाव आजही त्याचंच पाणी पितं.

स्ट्रॉबेरी निघायच्या दिवशीच घ्या. खोक्याचा वरचा थर लालभडक असतो, खालचा उचलून पाहा. लांबच्या प्रवासाला देठाजवळ थोडी पांढरी असलेली निवडा, धुऊ नका आणि खोकी डिकीत न ठेवता पायाशी सावलीत ठेवा. पूर्ण पिकलेली, बंद डिकीत ठेवलेली फळं पुण्याला पोचेपर्यंत पाणी सोडतात.