नुसतं 'मुलगी' लिहिलेली नोंद: कोतवाल बुकात आजीचा जन्म कसा शोधावा

जुनी जन्मनोंद शोधणारे बहुतेक जण आधी नाव शोधतात आणि तिथेच अडकतात. इंग्रजांच्या काळात आमच्या सातारा भागात जन्माची खबर बारशाआधीच पोचायची. त्यामुळे कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूंच्या सरकारी वहीत (गाव नमुना नंबर 14), नावाच्या जागी पुष्कळदा नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच असतं. म्हणून शोधायचं ते बापाचं नाव.

त्याआधी साल ठरवा. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातल्या तारखेवर फार विसंबू नका. 1 जून दिसली की ती गुरुजींनी अंदाजाने घातलेली आहे असं धरूनच चाला. त्यापेक्षा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना साथींबद्दल विचारा. प्लेगात लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिले, ते कधी? मानमोडीत घरातलं कोण गेलं? माझी आजी म्हणायची, "मानमोडीत आई अंथरुणाला खिळलेली, अन् मी पोटात." मानमोडी म्हणजे 1918 च्या पावसाळ्याअखेरीपासूनचा इन्फ्लुएन्झा. मग शोध 1919 च्या उन्हाळ्यापर्यंत येऊन थांबला.

पुढचा प्रश्न गावाचा. मी आजीच्या वडिलांच्या गावची पानं दोनदा चाळली, काहीच मिळालं नाही. मग एका मोडी वाचक काकांनी विचारलं, "पहिलं बाळंतपण होतं का?" होतं. पहिलटकरीण माहेरीच जाणार! माहेरच्या गावच्या वहीत, फेब्रुवारी 1919 च्या पानावर ओळ सापडली: मुलगी, पुढे बापाचं नाव, जात आणि सासरचं गाव. म्हणून पणजीचं माहेर कुठलं, हे निघण्याआधीच विचारून घ्या.

ही पुस्तकं सहसा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. अर्जात गाव, सालं आणि बापाचं पूर्ण नाव लिहा, 'गाव नमुना 14 ची खरी नक्कल' असं स्पष्ट मागा आणि पोच घ्या. मला एका कचेरीत आधी "जुनं काही नाही" असं सांगितलं. लेखी उत्तर मागितल्यावर गाठोडं निघालं. पान उलटताना दोन्ही हात लावा, कडा बिस्किटासारख्या तुटतात.

अक्षर मोडी असेल. आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरं लिहिलेली असतात, दोन शब्दांत जागा नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. आडनाव स्वतः मोडीत लिहून कागदावर घेऊन जा आणि त्या आकाराशी ताडून बघा. जातीच्या रकान्यात 'कु.' दिसलं तर ते बहुधा कुणबी. दाखल्यासाठी शोधणाऱ्यांनी ते पान वाचकाकडून तपासूनच घ्यावं. मराठवाड्यातल्यांची गोष्ट वेगळी. तिथे निजामाचं राज्य, कागद उर्दूतही असतात आणि साल फसली, म्हणजे महसुली कालगणनेतलं. त्यात 590 मिळवले की इसवी सन जवळपास मिळतं.

आता माझी कळकळीची विनंती: जन्माची ओळ मिळाली म्हणून पुस्तक मिटू नका. त्याच नमुन्यात मृत्यूही असतात, कारणासकट: ताप, पटकी (कॉलरा), गाठ (प्लेग), देवी. आजीच्या वडिलांच्या गावी 1923 मध्ये एक ओळ आहे: मुलगा, वय 2, देवी. बाप तोच. आजीला भाऊ होता हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

तेव्हा देवी काढणारा, म्हणजे देवीची लस टोचणारा, बहुधा थंडीत गावोगाव फिरायचा, कारण उन्हाळ्यात लस टिकत नसे. मुंबई शहरात 1877 च्या कायद्याने तान्ह्या मुलांना लस सक्तीची झाली होती, पण खेड्यात पुष्कळ आया पोर लपवायच्या. देवी म्हणजे प्रत्यक्ष माता आलेली, तिला सुई कशी लावायची, ही भीती. आजीच्या डाव्या दंडावर मात्र दोन गोल खुणा होत्या, चार आण्याएवढ्या. त्या देवी धाकटा भाऊ गेल्यानंतर काढल्या की आधी, हे वहीत नाही. पण टोचणारी बाई वाडीत आली की आजी सगळ्या नातवंडांना हाताला धरून रांगेत सगळ्यांच्या पुढे उभी करायची, हे मी पाहिलेलं आहे.

नक्कल मागताना म्हणून दोन्ही ओळींची मागा. मी भावाच्या ओळीची नक्कलही काढून आणली आणि आजीच्या फोटोच्या चौकटीत मागच्या बाजूला ठेवली.