गळाला लागलेला मासा ठेवायचा की सोडायचा? कोकणात गरवणाऱ्यांसाठी

खाडीच्या काठावर हौसेने गरवणाऱ्यांत, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्यांत, हा वाद नेहमी ऐकू येतो. गावातला माणूस म्हणतो, हाती आलेलं अन्न परत पाण्यात टाकायचं हे कुठलं शहाणपण? पुण्या-मुंबईहून रॉड-रीळ घेऊन आलेला म्हणतो, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा, मारायचा कशाला? मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. कातळावर आपटलेला, दहा जणांच्या हातांतून फिरलेला मासा सोडला तर तो पोहत गेल्यासारखा दिसतो आणि पुष्कळदा तासाभरात मरतो. त्याचं ना कालवण होतं, ना पिल्लं. आणि लागेल तो मासा पिशवीत घालणाऱ्यांनी भरलेल्या खाडीत दहा वर्षांनी गरवायला काय उरेल, हे सांगायला नको. निर्णय दर माशागणिक करायचा असतो, आणि त्याची बरीचशी तयारी गळ पाण्यात पडण्याआधीच करावी लागते. ती कशी, ते सांगतो.

१. घरातून निघताना दोन गोष्टी ठरवा

आज घरी किती मासे लागतील? चार माणसांच्या घराला दोन मध्यम मासे पुरतात. तेवढे झाले की गळ गुंडाळायचा, किंवा पुढचे सगळे सोडायचे. दुसरी गोष्ट बर्फाची. डब्यात बर्फ नसेल तर त्या दिवशी ठेवायचंच नाही, असा नियम स्वतःला घाला. एप्रिल-मेच्या उन्हात बर्फाशिवाय ठेवलेला मासा घरी पोचेपर्यंत खाण्याजोगा राहत नाही, म्हणजे तो फुकटच मेला.

२. नियम माहीत करून घ्या

महाराष्ट्रात समुद्री मासेमारीचा कायदा १९८१ सालचा आहे. त्याखाली पावसाळ्यात, सर्वसाधारणपणे १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. शिवाय २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवलं: सुरमई ३७० मिलिमीटर, घोळ ७०० मिलिमीटर, अशी यादी आहे. मत्स्यव्यवसाय विभागाच्या जवळच्या परवाना अधिकाऱ्याकडून ती घ्या आणि रॉडच्या मुठीपासून वर त्या मापांच्या खुणा रंगीत चिकटपट्टीने करून ठेवा. मासा रॉडला लावला की काम झालं, टेप शोधत बसावं लागत नाही.

मालवणला जाणार असाल तर सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्यात आहे, एकूण २९.१२ चौरस किलोमीटर. हद्द कुठून कुठवर आहे ते तिथल्याच एखाद्या होडीवाल्या काकांना विचारा. व्हेल शार्क, करवत मासा, समुद्रघोडे आणि सगळी समुद्री कासवं यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. यांतलं काही अडकलं तर पाण्याबाहेर काढायचंच नाही, दोरी तोंडाजवळ कापायची. आपल्या किनाऱ्यावरचे मच्छीमार असा जीव सोडवण्यासाठी स्वतःचं महागडं जाळं फाडतात, आणि त्यासाठी राज्य त्यांना २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं. हौशी माणसाला तर फक्त एक गळ गमवायचा असतो.

३. गळ असा निवडा की सोडणं शक्य होईल

तीन टोकांचा गळ काढून एकेरी लावा. टोकामागची उलटी अणी पकडीने दाबून सपाट करा. मासा निसटेल ही भीती असते, पण दोरी ताणलेली ठेवली तर फारसे निसटत नाहीत, आणि गळ अर्ध्या सेकंदात निघतो. कोळंबी किंवा माशाचे तुकडे आमिषाला लावणार असाल तर आत वळलेल्या टोकाचा सर्कल हुक घ्या. त्याला झटका मारायचा नाही. मासा आमिष घेऊन निघाला की नुसतं रीळ फिरवायचं, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. झटका मारायची सवय हाताला लागलेली असते, ती मोडायला वेळ लागतो.

दोरी जाड घ्या. बारीक दोरीवर मासा अर्धा तास खेळवण्यात काही जणांना मौज वाटते, पण तेवढ्यात तो पार दमून जातो आणि गरम पाण्यात प्राणवायूही कमी असतो. असा मासा सोडून उपयोग नसतो. जाळी घ्यायचीच तर रबराची, गाठी नसलेली घ्या, म्हणजे खवले आणि पर सोलवटत नाहीत.

४. मासा ओळखा, आणि त्याच्या आयुष्यात तो कुठे आहे ते बघा

सगळ्यांत जास्त विचार इथेच लागतो. 'लहान सोडा, मोठा ठेवा' हे बहुतेकांना पाठ असतं. ते अर्धंच खरं आहे.

जिताडा घ्या, दक्षिणेकडे ज्याला चोणक म्हणतात. हा मासा जन्मतः नर म्हणून वाढतो आणि पुढे मादी होतो. हाताएवढे जिताडे बहुतेक नर असतात, मीटरभर झालेले जवळजवळ सगळे मादी. पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी जाऊन ही मोठी मादी लाखोंनी अंडी टाकते, आणि माशांमध्ये अंड्यांची संख्या लांबीपेक्षा फार वेगाने वाढते. म्हणून जिताड्यात फार लहान सोडायचा, फार मोठाही सोडायचा, आणि मधला घरी न्यायचा. फोटोसाठी लोक नेमका मोठाच छातीशी धरतात आणि मग तोच कापतात. रायगडात जिताड्याला मान आहे, पाहुण्याला वाढायचा मासा आहे तो. मान राखायचा तर मीटरभराची मादी खाडीतच राहू द्या.

रावसाचं चक्र असंच, आधी नर मग मादी. हेकरूचं म्हणजे गोबऱ्याचं उलटं: लहानपणी मादी, मोठेपणी नर. खडकाळ जागी गोबरे कमी असतात, आणि तिथला मोठा नर काढला की नवा तयार व्हायला वेळ जातो. त्यामुळे इथेही मधलाच न्यावा.

तांबोशीचं वेगळं. कांदळवनाच्या मुळांत, पुलाच्या खांबापाशी जी तांबोशी गळाला लागते ती बहुधा अजून वयात आलेली नसते. खाडीत वाढून ती बाहेरच्या खडपात जाते आणि तिथे वीण होते. खाडीतली प्रत्येक तांबोशी उचलली तर बाहेर जाणारीच कोणी राहणार नाही. मी खाडीतली तांबोशी सोडतो. ती दिसायला सुंदर आणि चवीला त्याहून चांगली, त्यामुळे सोडताना जिवावर येतं, हे मान्य आहे.

बांगडा, बोय, मुडदुशी यांच्याबाबत मनाला लावून घेऊ नका. ही लवकर वाढणारी, लवकर विणारी मासळी. बांगड्याचे खवले हात लावताच निघतात, तो सोडला तरी फारसा जगत नाही. तेव्हा पुरतील तेवढे घ्या आणि थांबा. बांगड्यांच्या थव्यावर उभं राहून 'पकडा आणि सोडा' खेळणं मला निर्दयपणाचं वाटतं.

पोट फुगलेलं, दाबल्यावर अंडी येतात अशी गाबोळीवाली मासळी सोडा. पहिल्या पावसात ओढ्यांत चढणीचे मासे पकडायची आपल्याकडे जुनी हौस आहे, आणि गाबोळीचं कौतुक मलाही आहे. पण ते मासे अंडी टाकायलाच वर चढत असतात. घरापुरते चार घेणं वेगळं आणि बांधावर आडवं जाळं लावून सगळी रांगच उचलणं वेगळं.

केंड आला तर तो विषारी आहे, खायचा नाही. त्याला हवेत फुगवून गंमतही बघू नका. पोटात हवा भरली की ती बाहेर टाकणं त्याला कठीण जातं. पाण्यातच गळ काढा. पाकट असेल तर उचलू नका, दोरी कापा. पाकटाच्या शेपटीचा किंवा शिंगाळ्याचा काटा लागलाच तर सोसेल तेवढ्या गरम पाण्यात ती जागा अर्धा-पाऊण तास ठेवायची, आणि मग दवाखाना गाठायचा.

५. सोडायचं ठरलं तर

निर्णय मासा पाण्यात असतानाच घ्या. हात आधी ओले करा. कोरड्या हाताने, फडक्याने किंवा वाळूत टेकवल्याने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि रोगापासून राखणारं त्याचं तेच कवच असतं. कल्ल्यांत बोटं घालू नका. मोठा मासा नुसत्या जबड्याला धरून उभा लटकवू नका, एक हात पोटाखाली द्या. फोटो काढायचाच असेल तर मोबाइलवाल्याला आधी तयार ठेवा आणि तुमचा श्वास जेवढा वेळ रोखता येईल त्याच्या आत मासा परत पाण्यात गेला पाहिजे.

गळ घशात खोल गेला असेल तर उपटू नका. तोंडाजवळ दोरी कापून सोडलेला मासा जगण्याची शक्यता उपटलेल्यापेक्षा जास्त असते. मात्र कल्ल्यांतून रक्त वाहत असेल तर सोडण्यात अर्थ नाही. आकार नियमात बसत असेल तर तो आजच्या हिशोबात धरा, मग तो तुमच्या आवडीचा असो वा नसो.

दमलेल्या माशाला भरती-ओहोटीच्या धारेकडे तोंड करून हलकेच धरून ठेवा, म्हणजे पाणी तोंडातून कल्ल्यांकडे जातं. पुढे-मागे ढकलू नका, मागे ओढताना कल्ल्यांत उलटं पाणी जातं. शेपटीने जोर करून तोच हातातून निघेपर्यंत थांबा. पुलावरून किंवा उंच कातळावरून फेकलेला मासा मात्र बहुधा वाचत नाही. अशा जागी गरवत असाल तर सोडायचे मासे खाली उतरून सोडता येतील अशी वाट आधी शोधा, नाहीतर जागा बदला.

६. खोल पाण्यातले मासे

होडीतून दहा-पंधरा मीटरपेक्षा खोल पाण्यात गरवताना गोबरा किंवा तांबोशी वर येईपर्यंत आतला वायू फुगतो, डोळे बाहेर येतात, तोंडातून फुग्यासारखं काहीतरी डोकावतं. ते जठर असतं, ते टोचायचं नाही. असा मासा वर सोडला तर तरंगत राहतो आणि घारी आणि समुद्रपक्ष्यांचं भक्ष्य होतो. जड शिसं बांधलेला, अणी नसलेला गळ त्याच्या जबड्याला उलटा लावून त्याला तळाशी नेऊन सोडता येतं. हे साधन जवळ नसेल तर खोलात गरवताना घरापुरते मासे झाले की तिथून निघा.

७. ठेवायचं ठरलं तर

मासा बादलीत तडफडत ठेवू नका. डोळ्यांच्या किंचित मागे, डोक्याच्या मधोमध टोकदार सुरी खुपसा, तो तत्काळ मरतो. लगेच कल्ले कापून समुद्राच्या पाण्यात रक्त वाहू द्या, आणि मग बर्फ आणि खारं पाणी एकत्र केलेल्या डब्यात बुडवा. नुसत्या बर्फावर ठेवण्यापेक्षा हे मिश्रण मासा लवकर गार करतं. मांस घट्ट राहतं आणि वासही येत नाही. बांगडा आणि सुरमईला तर हे आवश्यकच आहे. ही मासळी उन्हात राहिली की तिच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते कितीही तिरफळं घालून उकळलं तरी जात नाही. तोंड लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर पित्त उठणं हे त्यानेच.

घरी मासा साफ करताना दोन मिनिटं जास्त द्या. पोटात गाबोळी होती का, किती वाढलेली होती, जठरात कोळंबी होती की बोय, हे लांबी आणि तारखेसह वहीत लिहून ठेवा. दोन-तीन हंगाम असं लिहिलंत की तुमच्या खाडीत कुठल्या महिन्यात कुठल्या मापाची मासळी सोडायला हवी, हे तुमच्याच वहीत सापडेल.