फ्रीबीएसडीचे बिल्ड दर वेळी मुळापासून होऊ नये म्हणून

फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम सोर्सपासून बांधताना काही अडले की ‘/यूएसआर/ओबीजे (बांधलेल्या फाइली ठेवायची डिरेक्टरी) पुसून टाका’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी मे महिन्यात ऐरोलीतल्या माझ्या जुन्या डेस्कटॉपवर क्लँग हा अवाढव्य कंपायलर एकदा बांधून पाहावा. नुसते ‘नो_क्लीन’ (जुन्या फाइली न पुसण्याचा पर्याय) द्या, हा दुसरा सल्लाही अर्धवट आहे, कारण बिल्ड चालवणारा मेक हा प्रोग्राम केवळ फाइलींच्या वेळा ताडून पाहतो. कंपायलरचा एखादा फ्लॅग बदलला तर कोणत्याच सोर्स फाइलीची वेळ बदलत नाही आणि त्यापासून आधी कंपाइल झालेली जुनी ऑब्जेक्ट फाइल तशीच राहते.

उपाय मेटा मोड, म्हणजे बिल्डची तपशीलवार नोंद ठेवणारी मेकची पद्धत, हा आहे. ‘/ईटीसी/एसआरसी-एन्व्ह.कॉन्फ’ या फाइलीत ‘विथ_मेटा_मोड=येस’ ही ओळ लिहावी; ‘एसआरसी.कॉन्फ’मध्ये ती चालत नाही.

खरी गोम पुढे आहे. मेटा मोडमध्ये प्रत्येक टार्गेटची (बांधायच्या फाइलीची) एक मेटा फाइल तयार होते व कोणती आज्ञा चालली हे तीत नोंदले जाते. पण त्या आज्ञेने कोणकोणत्या फाइली वाचल्या याची नोंद फाइलमॉन हे कर्नल मॉड्यूल करते, आणि ते आपोआप लोड होत नाही. मी ते ‘केएलडीलोड’ने हाताने लोड केले, आणि सकाळी बिल्ड लावून वाशीला कामावर जाण्याचा क्रम सुरळीत चालला. मग एका पावसाळी दुपारी वीज गेली. मशीन पुन्हा सुरू झाले, मॉड्यूल मात्र परतले नाही. त्यानंतरच्या बिल्डने तशी सूचना आरंभीच दिली होती, परंतु ‘बिल्डिंग’ने सुरू होणाऱ्या असंख्य ओळींपुढे ती केव्हाच वर सरकून गेली. त्या खेपेच्या मेटा फाइलींत फाइलमॉनची नोंद नव्हती, म्हणून पुढे मॉड्यूल लोड करताच मेकने ती सगळी टार्गेट शिळी ठरवली. मी ‘एलएस’ या छोट्या आज्ञेच्या सोर्समधल्या दोन ओळी बदलल्या होत्या आणि पडद्यावर क्लँगच्या मुळाशी असलेल्या एलएलव्हीएमच्या फाइली धावत होत्या. दोन आठवडे मी दोष सोर्समध्ये शोधला.

तेव्हा ‘सिसआरसी केएलडी_लिस्ट+=फाइलमॉन’ ही आज्ञा पहिल्या बिल्डच्या आधीच देऊन ठेवावी, म्हणजे मशीन सुरू होताना मॉड्यूल दर वेळी लोड होते; आणि लोड झालेली मॉड्यूल दाखवणाऱ्या ‘केएलडीस्टॅट’मध्ये ते नाव दिसल्याशिवाय बिल्डवर्ल्ड (कर्नल सोडून बाकीच्या सिस्टिमचे बिल्ड) कधीही लावू नये.

बिल्डकर्नल, म्हणजे कर्नलचे बिल्ड, नेहमीप्रमाणे करावे.

सोर्सच्या दोन शाखा (आवृत्त्या) आलटूनपालटून बांधायच्या असतील तर एकाच डिरेक्टरीत गिट चेकआउट करत बसू नये, कारण दोन्ही शाखांत वेगळ्या असलेल्या फाइलींना दर वेळी नवी वेळ लागते. ‘गिट वर्कट्री’ या आज्ञेने दुसऱ्या शाखेसाठी वेगळी डिरेक्टरी करावी. ऑब्जेक्ट फाइली सोर्सच्या पाथनुसार वेगळ्या राहतात, डिस्कवर जागा तेवढी दुप्पट लागते.